केसांच्या मुळातल्या स्टेम सेल आणि दीड एकर वावर

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, मुख्य भाग देतो.

"डॉक्टरसाहेब, माझे मिस्टर अडतीस वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी शेळ्यांना पाला तोडायला निंबाच्या झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. पाठीचा दहावा मणका मोडला. ऑपरेशन झालं, स्क्रू बसवले, पण कमरेखाली हालचाल नाही, हात लावलेला कळत नाही. लघवीची नळी कायम आहे. सहा महिन्यांपासून माकडहाडावर जखम झाली आहे, ती भरतच नाही. दिवाळीनंतर माझ्या दिरांना मोबाइलवर एका मोठ्या शहरातल्या सेंटरची जाहिरात दिसली. त्यांचा माणूस घरी येऊन गेला. डोक्याच्या मागचे पन्नास-साठ केस मुळासकट काढायचे, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी सुईने पाठीच्या कण्यात सोडायच्या. अशा तीन वेळा. एकेका वेळेचे अडीच लाख. कापलेल्या मणक्याचा उंदीर पुन्हा चालतो असा व्हिडिओ त्याने दाखवला. सासरे म्हणतात, 'वावर परत लेता ई, पोऱ्या उभा ऱ्हायना पाहिजे.' म्हणजे वावर पुन्हा घेता येईल, पोरगा उभा राहिला पाहिजे. दीड एकर बागायती विकायची बोलणी चालू आहेत. मी नुसतं विचारलं की कुणी माणूस बरा झाला आहे का, तर घरात सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मला नवरा बराच व्हायला नको आहे. त्या माणसाने माझ्या सात वर्षांच्या मुलीचे केसही साठ हजारांत बँकेत ठेवायला सांगितले आहेत, पुढे कामी येतील म्हणून. मी चुकते आहे का? वावर विकू द्यावं का?"

ताई,

वावर विकू देऊ नका. हे एवढं वाक्य आधी आबांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, वाचून दाखवा, बाकीचं मग सावकाश वाचा.

आणि तुम्ही चुकत नाही. कुणी माणूस बरा झाला आहे का, हाच या सगळ्या व्यवहारातला खरा प्रश्न आहे, आणि तो घरात फक्त तुम्ही विचारलात. रोज ती जखम जी धुते तिलाच असा प्रश्न सुचतो. घरच्यांच्या बघण्याचं दुःख मला कळतं, पण त्यांच्यावर रागावू नका. आबा जमीन विकायला निघालेत ते मुलावरच्या मायेपोटी. त्या मायेला भलतीकडे नेणारा माणूस बाहेरचा आहे.

आता तो उंदीर. भाऊजींना सांगा की तसा प्रयोग खरोखर झालेला आहे. सेंटरवाल्याने काही अगदीच हवेतून आणलेलं नाही, म्हणून तर त्याचं बोलणं पटतं. खरं किती आणि त्याला जोडलेलं किती, हे वेगळं करून सांगितल्याशिवाय तुमच्या घरात कुणाचं समाधान होणार नाही, त्यामुळे थोडं मुळापासून सांगतो.

केस म्हणजे मेलेला धागा. जिवंत असतं ते त्याचं कातडीतलं मूळ, ज्याला हेअर फॉलिकल म्हणतात. डोक्यावरचा एकेक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं, तीन-एक महिने विश्रांती घेतं आणि त्याच जागी नवा केस धरतं. हे आयुष्यभर चालू राहतं. म्हणजे तिथे कुठेतरी नव्या पेशी देत राहणाऱ्या पेशींचा न संपणारा साठा असला पाहिजे. अशा पेशींनाच स्टेम सेल म्हणतात. पूर्वी समजायचे की तो मुळाच्या अगदी तळाशी, गाठीत आहे. 1990 साली अमेरिकेत जॉर्ज कॉट्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो तळाशी नसून बराच वर, मुळाच्या एका फुगवट्यात आहे. अंगावर काटा येतो तेव्हा केस उभा करणारा बारीक स्नायू जिथे चिकटलेला असतो, तिथे. केळीचा घड उतरवून खोड कापलं तरी जमिनीतल्या कंदातून पील वर येतंच, तसा हा फुगवटा. केस उपटला तरी यातल्या पुष्कळशा पेशी कातडीतच राहतात आणि केस पुन्हा येतो.

या पेशींचं दुसरं काम तुमच्या जास्त उपयोगाचं आहे. कातडीला जखम झाली की त्या फुगवट्यातून वर सरकतात आणि उघडी जागा झाकायला मदत करतात. खरचटलेलं कोपर बघा, नवी कातडी नुसती कडेने आत येत नाही, मध्येच ठिपक्याठिपक्यांनी उगवते. ते ठिपके पुष्कळदा केसांच्या मुळांशी असतात. भाजलेल्या रुग्णाला कातडी लावायची असते तेव्हा काही वेळा सर्जन ती डोक्यावरून काढतात, कारण तिथे मुळं दाट असल्याने काढलेली जागा लवकर भरून येते. डॉक्टर मंडळींना हे फार आधीपासून दिसत होतं, कारण नंतर कळलं.

त्यावरून माणसांवरचे खरे उपचार निघाले. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णाचे उपटलेले केस घेऊन, त्यांच्या मुळाच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून कातडीच्या लहान चकत्या तयार केल्या गेल्या आणि वर्षानुवर्षं न भरणाऱ्या पायाच्या जखमांवर लावल्या गेल्या. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को हिमेनेझ यांच्या गटाने त्याहून सोपं केलं: डोक्यावरून केसांसकट कातडीचे बारीक ठिपके काढून थेट पायाच्या जुन्या जखमेत रोवले. 2016 साली त्यांनी एकाच जखमेच्या अर्ध्या भागात केसांचे ठिपके आणि अर्ध्या भागात बिनकेसांचे ठिपके लावून तुलना केली. अठरा आठवड्यांनी केसवाल्या बाजूची जखम सुमारे 75 टक्के आक्रसली होती, दुसऱ्या बाजूची सुमारे 33 टक्के. रुग्ण थोडेच होते, पण तुलना प्रामाणिक होती.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. कोडाच्या डागांवर दिल्लीच्या एम्समध्ये केसांच्या मुळांतल्या पेशींचं मिश्रण लावून रंग परत आणण्याचं काम झालं, 2011 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. रंग तयार करणाऱ्या पेशींचा साठाही केसाच्या मुळातच असतो, म्हणून हे जमतं. डाग वर्षभर तरी वाढलेला नसावा लागतो, आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही. पण तो खरा उपचार आहे, आणि त्यात पेशी त्याच दिवशी काढून त्याच दिवशी लावतात. सेंटरवाल्याचं 'त्याच दिवशी' बहुधा इथूनच उचललेलं आहे. ते कातडीला चालतं. मज्जारज्जूला, म्हणजे मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली जाणाऱ्या नसांच्या दोराला, नाही.

आता उंदराकडे येऊ. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमधले रॉबर्ट हॉफमन आणि जपानमधले यासुयुकी आमोह यांच्या गटाला केसाच्या मुळात, फुगवट्याच्या आसपास, अशा काही पेशी सापडल्या ज्या चेतापेशींसारख्या वागू शकतात. 2005 साली त्यांनी उंदराच्या पायाची कापलेली नस या पेशी घालून जुळवली. पुढे 2008 मध्ये उंदराचा मज्जारज्जू कापून तिथे या पेशी घातल्या, आणि त्या उंदरांची चाल सुधारली. काम मोलाचं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही माझे अंथरुणाला खिळलेले रुग्ण आठवले होते.

पण ते काम नीट वाचा. पेशी काढल्या उंदराच्या मिशांच्या मुळातून. त्या आधी प्रयोगशाळेत वाढवल्या, ओळखल्या, वेगळ्या केल्या. जखम होती ताजी, ब्लेडने सरळ कापलेली, आणि पेशी तिथल्या तिथे घातलेल्या. आत गेल्यावर त्या पेशी मुख्यतः नसांवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी झाल्या. तुटलेल्या नसेला त्या वेष्टणाचा आधार मिळाला आणि ती पुढे वाढली. उंदराच्या शरीरात हे अंतर काही मिलिमीटरचं असतं.

तुमच्या मिस्टरांचा मणका मोडताना मज्जारज्जू सरळ कापला गेलेला नाही, चेचला गेला आहे. दोन वर्षांत तिथे घट्ट व्रण तयार झाला असेल, मध्ये पोकळीही पडलेली असू शकते. त्यातून मेंदूकडून येणारा एकेक तंतू पार व्हायचा, पुढे खालच्या नेमक्या पेशीला जाऊन जुळायचा, तेव्हा कुठे अंगठा हलणार. केसांच्या मुळातल्या पेशींनी हे माणसात घडवून आणल्याचा एकही भरवशाचा दाखला नाही. कंदातून पील येतं ते केळीचंच येतं, ताई. केसाच्या मुळाने कातडी द्यावी, केस द्यावा, कातडीचा रंग द्यावा, हे माणसात पाहिलेलं आहे. त्यापलीकडचं अजून उंदरांत आहे आणि काचेच्या बशीत आहे.

भाऊजी म्हणतील, जगात कुठेतरी तर चाललं असेल. चाललं आहे. 2010 साली अमेरिकेत भ्रूणाच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी पहिल्यांदा मज्जारज्जूच्या रुग्णांना दिल्या, कंपनीने पुढच्याच वर्षी पैशांअभावी ते काम थांबवलं. जपानमध्ये केइओ विद्यापीठाने चार रुग्णांना अशाच प्रकारच्या पेशी दिल्या आणि 2025 मध्ये जाहीर केलं की चारांपैकी दोघांमध्ये सुधारणा दिसली. त्या पेशी मात्र भ्रूणापासून नव्हे, तर जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पद्धतीने, म्हणजे शरीरातल्या साध्या पेशीला पुन्हा स्टेम सेल करून, बनवलेल्या होत्या; त्या शोधाला 2012 चं नोबेल मिळालं. त्या पद्धतीने एका उपटलेल्या केसापासूनही स्टेम सेल बनवता येतात, हे 2008 मध्ये स्पेनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. पण त्याला खूप आठवडे लागतात, तपासण्यांवर तपासण्या लागतात. आणि जपानच्या त्या चारही जणांना दुखापत होऊन जेमतेम दोन ते चार आठवडे झाले होते. एवढं मोठं विद्यापीठ, एवढी वर्षं मेहनत, आणि चार रुग्णांवर ते सावध बोलतं. तुमच्या घरी आलेला माणूस सोफ्यावर बसून 'उभा करून दाखवू' म्हणतो.

आता नुकसानीचं बोलू. आबांना मी सगळ्यात जास्त हेच ऐकवीन. लोक म्हणतात, गुण आला तर आला, नाही तर पैसे गेले. तसं नसतं. अमेरिकेतल्या एका अठरा वर्षांच्या मुलीचा मणका मोडला होता, तोही जवळजवळ याच जागी, दहाव्या-अकराव्या मणक्याला. तीन वर्षांनी तिच्या नाकाच्या आतल्या अस्तराच्या पेशी पोर्तुगालमध्ये तिच्या मज्जारज्जूत घालण्यात आल्या. पायांत काही फरक पडला नाही. आठ वर्षांनी पाठ असह्य दुखायला लागली, म्हणून तपासलं तर मज्जारज्जूत जवळपास चार सेंटिमीटरची गाठ निघाली आणि तिच्यात शेंबडासारखा चिकट स्राव भरलेला. नाकाच्या पेशी मज्जारज्जूत जाऊनही नाकाचंच काम करत बसल्या होत्या. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तो उपचार मोठ्या इस्पितळात, नीट नोंदी ठेवून केलेला होता. घाईघाईने धुऊन सिरिंजमध्ये भरलेल्या पेशींचं काय होईल, कोण सांगणार?

आणि तुमच्या मिस्टरांना तर दुसरा धोका याहून जवळचा आहे. त्यांच्या माकडहाडावर उघडी जखम आहे. सुई घालायची ती कमरेत, म्हणजे जखमेच्या वर काही बोटांवर. जवळ जंतू असलेली जखम असताना कण्यात सुई घालायची नाही, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं. जंतू आत गेले तर मेंदूज्वर होईल. सेंटरच्या माणसाने तुमच्या घरी ती जखम उघडून पाहिली का? पाहिली नसेल तर त्याला रुग्णाशी काही देणंघेणं नाही. पाहून तारीख दिली असेल तर ते आणखी वाईट.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 मध्ये नियमावली काढली आहे. तिच्यानुसार आपल्याकडे स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण. आपल्या नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या सिकलसेलच्या लेकरांना जो खरोखर वाचवू शकतो, तो हा. बाकी सगळं फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीत करायचं. चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी नोंदवहीत असते, ती कुणालाही मोबाइलवर पाहता येते. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून भाऊजींनी सेंटरला फोन करून एवढंच विचारावं: तुमच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? क्रमांक नसेल तर उपचार नियमात बसत नाही. क्रमांक असेल तर साडेसात लाख कशाचे?

भाऊजींना त्यांनी इतर रुग्णांचे व्हिडिओही पाठवले असतील. ते पाहताना दुखापत होऊन किती महिने झालेत हे बघायला सांगा. मणक्याच्या दुखापतीत आपोआप जी सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात होते. त्या काळात गंडा बांधला तरी त्याचा गुण आला असं वाटतं.

आता मला जे बोलायचं आहे ते. तुमच्या पत्रात जखमेला एक ओळ आणि लघवीच्या नळीला एक ओळ आहे. माझ्या दृष्टीने सगळं पत्र त्या दोन ओळींचं आहे. कमरेखाली लुळा झालेला माणूस पाय चालत नाहीत म्हणून मरत नाही. तो जातो चिघळलेल्या जखमेने किंवा खराब झालेल्या मूत्रपिंडाने. आणि या दोन्हींना अडवता येतं, आजच, आपल्या जिल्ह्यात.

सहा महिने न भरणारी जखम नुसत्या मलमाने भरणार नाही. ती हाडापर्यंत गेली आहे का, हाडात जंतू आहेत का, हे तपासायला हवं. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाही तर धुळ्याला हिरे महाविद्यालयात सर्जरीच्या ओपीडीत त्यांना घेऊन जा. मेलेलं मांस काढावं लागेल. रक्तातलं हिमोग्लोबिन, प्रथिनं, साखर बघावी लागेल. जखम खोल असेल तर प्लास्टिक सर्जन शेजारचं मांस आणि कातडी सरकवून ती बंद करतात, त्याला फ्लॅप म्हणतात. तुम्ही विचाराल, मग ते स्पेनचं केसांचं काम इथे चालेल का? ते पायाच्या उथळ जखमांवर झालेलं आहे. सतत दाबाखाली असलेल्या खोल जखमेत कोणतीही कलमं टिकत नाहीत. दाब काढणं हाच तिथला पहिला उपचार, आणि तो तुमच्या हातात आहे.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. हे एकट्या बाईचं काम नाही, ताई. रात्री अकराची, एकची, तीनची, पाचची पाळी घरात वाटून घ्या. भाऊजींना मिस्टरांसाठी काही करायचंच आहे ना, त्यांनी एक आणि तीनची घ्यावी. जखम असेपर्यंत माकडहाडावर अजिबात भार नको: कुशीवर आणि पालथं. पालथं झोपणं सुरुवातीला नकोसं वाटतं, सवयीने जमतं. हवेची गादी आणा, पण गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका. जखमेखाली चुंबळ किंवा टायरची ट्यूब ठेवत असाल तर आजच काढा. पुष्कळ घरांत मायेने ठेवतात, पण तिच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो आणि जखम रुंद होते. लाल झालेल्या जागी तेल चोळायचं नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, पाठ घामाने भिजते आणि ओली कातडी लवकर फाटते. तेव्हा प्लास्टिकवर थेट झोपवू नका, मध्ये सुती चादर हवीच आणि ती दिवसातून दोनदा बदला.

जखम भरायला मांस लागतं आणि मांस ताटातून येतं. रोज दोन अंडी, दूध, शेंगदाणे, मठ-मुगाची उसळ. कळण्याची भाकरी तर फारच चांगली, ज्वारी आणि उडीद एकत्र आले की प्रथिनाचा दर्जा वाढतो. आजारी माणूस म्हणून पातळ खिचडीवर ठेवू नका. जखमेतून रोज प्रथिनं वाहून जात असतात.

कायमची नळी शक्य असेल तर काढून टाकायची. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी स्वतः घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर घ्यायची, ही पद्धत त्यांना शिकवता येईल. त्यांचे हात उत्तम आहेत, आठवड्याभरात शिकतील. याने जंतूंचा त्रास कमी होतो आणि मूत्रपिंडं वाचतात. मात्र आधी मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा, आणि वर्षातून एकदा सोनोग्राफी चुकवू नका.

हात उत्तम आहेत हे मी मुद्दाम लिहिलं. दहाव्या मणक्याच्या दुखापतीत खांदे, हात, छाती, पोटाचे वरचे स्नायू शाबूत असतात. असा माणूस नीट प्रशिक्षण मिळालं तर खाटेवरून व्हीलचेअरवर स्वतः जातो, स्वतः अंघोळ करतो, हाताने चालणारी तीनचाकी घेऊन बाजारात जातो. अशी माणसं पिठाची गिरणी चालवतात, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसतात. तुमचे मिस्टर दोन वर्षं खाटेवर आहेत ते पायांमुळे कमी आणि कुणी शिकवलं नाही म्हणून जास्त. मला याचं फार वाईट वाटतं. ऑपरेशन करून आपण माणसाला घरी पाठवतो आणि पुढे कसं जगायचं ते कुणी सांगत नाही, मग त्या रिकाम्या जागेत केसवाला माणूस येऊन बसतो.

म्हणून आबांना नुसतं 'विकू नका' सांगून भागणार नाही, त्यांना करायला काहीतरी द्या. दारात उतार बांधायचा, पायरी फोडायची. संडासाचं दार रुंद करून कमोड बसवायचं, आत धरायला पाइप लावायचा. खाट आणि व्हीलचेअर एका उंचीच्या करायच्या. आबांकडून हे करून घ्या. त्यांना मुलासाठी काहीतरी मोठं करायचं आहे, आणि हे मोठंच आहे. दीड एकराच्या किमतीचा लहानसा तुकडाही याला लागणार नाही, आणि बागायत तुमच्या मुलीसाठी राहील.

मुलीच्या केसांचं उत्तर छोटं आहे: नाही. 2017 च्या नियमावलीत व्यावसायिक साठवणुकीला मान्यता आहे ती फक्त नाळेतल्या रक्ताला. केसांच्या बँकेला नाही. आणि पोरीच्या डोक्यावर लाखभर मुळं आहेत, कधी खरोखर गरज पडली तर ती तिथेच सापडतील.

जखम आवरली की मुंबईला हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत त्यांना घेऊन जा. 1955 पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, व्हीलचेअर, लघवीची पद्धत, उठणं-बसणं हे सगळं तिथे शिकवतात. जाताना ऑपरेशनचे कागद, जुने आणि नवे एमआरआय, सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलेलं नसेल तर त्याआधी जळगावच्या सिव्हिलमध्ये काढून घ्या, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जालाही तेच लागतं. आणि शक्यतो तुमच्याबरोबर भाऊजींनी जावं. उचलायला दोन माणसं लागतात, आणि तुमच्याच मिस्टरांसारखी दुखापत झालेला एखादा माणूस स्वतः खाटेवरून खुर्चीत जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहावं असं मला वाटतं.